फोटोतून माणसं काढून मिळतील

बाबांच्या स्टुडिओच्या काचेवर तीन ओळी रंगवलेल्या होत्या. 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत.' 'जुने फोटो नवे करून मिळतील.' आणि तिसरी, जी वाचून पुढे गेलेला माणूस दोन पावलं मागे यायचा: 'फोटोतून माणसं काढून मिळतील.'

पहिल्या दोन ओळी बाबांच्या. तिसरी खोडरबरची.

खोडरबर म्हणजे बाबांची एकुलती एक मुलगी. सोळा वर्षांची, शाळेत जाणारी, आणि गेल्या वर्षापर्यंत वर्गात कुणी नाव पुकारलं तरी बाकाखाली बघणारी. मग एकदा बाबांचं मनगट दुखत होतं म्हणून एका दुकानदाराचा पळून गेलेला भागीदार तिने उद्घाटनाच्या फोटोतून काढून दिला. असा साफ काढला की दुकानदार म्हणाला, "ही पोरगी आहे की खोडरबर?" तेव्हापासून नाव चिकटलं, आणि नावाबरोबर तोंडही सुटलं. आपल्याला एखादी गोष्ट आख्ख्या रस्त्यात सगळ्यांपेक्षा चांगली येते हे एकदा कळलं की माणसाची मान आपोआप ताठ होते. हिची इतकी ताठ झाली की आई म्हणायची, "जरा खाली बघून चाल, पायरी चुकशील."

शाळा सुटली की दप्तर काउंटरखाली ढकलायचं आणि कॉम्प्युटरसमोर बसायचं. लोक यायचे, फोटो पुढे करायचे, एका चेहऱ्यावर बोट ठेवायचे. "हा." कधी "ही." मोडलेल्या लग्नातला नवरा, बोलणं बंद झालेला भाऊ, साहेबांशी वाकडं आलेला मॅनेजर. का, ते विचारायचं नाही, हा दुकानाचा पहिला नियम. खोडरबर माणसाच्या शेजारची भिंत चिमूट चिमूट उचलायची आणि त्याच्यावर पसरवत जायची. आधी कान जायचा, मग गाल, मग खांदा. पोटं सगळ्यांत त्रासाची, कारण ती शेजारच्याच्या कोपरात अडकलेली असतात. तासाभरात तिथे नुसती भिंत. काढलेली माणसं कुठे जातात हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. भिंत जमली की ती खूश.

दुकानाचा दुसरा नियम होता पाय मोजण्याचा. माणूस काढला की पाय मोजायचे. डोकं काढायला कुणी विसरत नाही, छातीही विसरत नाही, पण पाय राहतात. या नियमाचा पुरावा काउंटरच्या मागे चौकटीत लावलेला होता: एक नवरा, एक नवरी आणि पाच पाय. बाबा तरुण असताना, कात्री आणि ब्रशच्या जमान्यात, त्यांनी नवरीच्या रुसलेल्या मेहुण्याला काढलं होतं आणि त्याचा एक बूट सोफ्याखाली तसाच राहून गेला होता. गिऱ्हाइकाला ते वर्षभराने कळलं. बाबांनी त्याला नवा फोटो करून दिला आणि जुना मागून घेऊन स्वतःच्या भिंतीवर लावला. "माणसाने आपली चूक रोज बघावी," ते म्हणायचे. "दुसऱ्याची तर आपण बघतोच."

आता आत्याची गोष्ट.

आत्या बाबांची धाकटी बहीण, एकेचाळीस वर्षांची. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे तिच्याकडे यायचे आणि ती त्यांच्यावर मेणात दात बसवून द्यायची. लहानपणापासून ती त्याच घरात राहत होती: आजोबा, बाबा, आई, खोडरबर आणि ती.

आजोबा कारखान्यात हजेरीमास्तर होते. चौतीस वर्षं त्यांनी लाल पेन्सिलीने गैरहजर माणसांच्या नावावर फुली मारली. निवृत्त झाले, पण पेन्सिल निवृत्त झाली नाही. संध्याकाळी आठच्या ठोक्याला सगळ्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसायचं आणि आजोबांनी विचारायचं, "सगळे आले?" मग एकेकाने म्हणायचं, "हजर." आईसुद्धा, कढईतून डोकं वर काढून. खोडरबरला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. ज्या घरात जन्मलो त्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसंच ते.

एका संध्याकाळी आत्याने "हजर" म्हटलं, जेवली, ताट धुतलं आणि हात पुसत म्हणाली, "पहिल्या तारखेपासून मी वेगळी राहणार आहे. दोन रस्ते सोडून खोली घेतलीय."

"कुणी आहे का?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

"कुणी काही बोललं?"

"नाही."

"मग इथे कमी काय आहे?"

"कमी काहीच नाही," आत्या म्हणाली. "मी घरी किती वाजता आले हे मला कुणाला सांगायचं नाहीये. एवढंच."

एवढंच. आणि तेच कुणाच्या घशाखाली उतरेना. भांडण झालं असतं तर शेजाऱ्यांना समजलं असतं. कुणाच्या प्रेमात पडली असती तर महिनाभर चघळायला झालं असतं. पण कारणाशिवाय, नुसतं राहावंसं वाटतं म्हणून बाई वेगळी राहते? समोरच्या बाईंनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं, "डोक्यावर काही परिणाम वगैरे?" आजोबांनी त्या दिवसापासून आत्याचं नाव घेतलं नाही आणि घरात कुणाला घेऊ दिलं नाही. ती दोन रस्ते सोडून राहत होती आणि घरापुरती समुद्रापार गेली होती.

याला वर्ष होत आलं. आजोबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. रविवारी सकाळी अकराला कारखान्यातले जुने सहकारी, नातेवाईक, शेजारी असे सगळे भेटायला येणार होते. बुधवारी आजोबांनी खोडरबरला बोलावलं. समोर टेबलावर एक फोटो होता. खुर्चीत आजोबा, मागे आणि बाजूला घरची माणसं नि धाकट्या आजोबांचं कुटुंब, मिळून नऊ जण.

"ओळखतेस हा?"

"मी आहे की त्यात. डावीकडून दुसरी, डोळे मिटलेली."

"तो मोठा करायचा. दिवाणखान्यात लावायचाय. खिळा मारून घेतलाय मी." आजोबांनी वरच्या खिशातून लाल पेन्सिल काढली आणि आपल्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या आत्याच्या कपाळावर बारीकशी फुली मारली. "ही गैरहजर."

खोडरबरने फुलीकडे बघितलं. रोज लोक फोटोवर बोट ठेवायचे आणि तिला काही व्हायचं नाही. आज तिने फोटो हातात घेतला नाही.

"आपण नवा काढू ना, आजोबा. बाबा येतील कॅमेरा घेऊन."

"यात मी बरा दिसतो."

हे मात्र खरं होतं. बाकीच्या सगळ्या फोटोंत आजोबा, समोरून कुणीतरी उशिरा येताना दिसल्यासारखे दिसायचे. या एकाच फोटोत ते हसत होते, चांगले दात दाखवून.

"बरे दिसता कारण हसताय," ती म्हणाली. "हसताय कारण कवळी नवी होती. आणि कवळी आत्याने केलेली. मग कवळीपण काढू का?"

आईच्या हातातला कप बशीवर वाजला. "उचलली जीभ, लावली टाळ्याला," ती दारातून म्हणाली. "आजोबांशी बोलतेयस तू."

आजोबा चिडले नाहीत. ते चिडायचे नाहीत, नोंद करायचे. "बाहेरच्या माणसाकडे दिला तर तो दहा ठिकाणी बोलेल. म्हणून तुला सांगतोय. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात तर—"

"पुरे," आई म्हणाली.

"आणि एक ऐकून ठेव," आजोबा पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले. "जो तिची बाजू घेईल, त्याचंही नाव या घराच्या हजेरीवर राहणार नाही. मग तो साठ वर्षांचा असो नाहीतर सोळा."

गुरुवारी शाळेतून आल्यावर तिने फोटो उघडला. म्हटलं, बघू तरी. भिंत सोपी होती, एका रंगाची. आत्याचे केस सोपे, अंबाडा घट्ट. हात मात्र आजोबांच्या खांद्यावर होता, म्हणून तिने तो भाग मोठा केला. दोनशे टक्के. चारशे टक्के.

आणि थांबली.

लहान फोटोत तो नुसता खांद्यावर ठेवलेला हात वाटत होता. मोठा केल्यावर दिसलं की आजोबांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर नव्हताच. तो छातीवरून वर गेला होता आणि त्याने आत्याची चार बोटं मुठीत धरली होती. सहज ठेवल्यासारखी नाही, घट्ट. आजोबांच्या अंगठ्याचं नख दाबून पांढरं झालं होतं.

"बाबा," तिने हाक मारली, "हे बघा."

बाबा पासपोर्टचे फोटो कापत होते. कात्री हातात घेऊनच आले, चष्मा कपाळावर ढकलून वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"निघेल का?" त्यांनी विचारलं.

"निघेल. डावा हात गुडघ्यावर आहे ना, तो उलटा करून इथे लावायचा, आणि बोटं दांडीवर ठेवायची. सावली फक्त बदलावी लागेल. दहा मिनिटांचं काम."

"हं," बाबा म्हणाले आणि परत कापायला गेले. बाबांचं असंच. त्यांच्या तोंडून 'हं'च्या पुढे काही काढायचं तर पाना लावून फिरवावं लागायचं.

शुक्रवारी ती आत्याकडे गेली. आत्याचं काम एका जिन्याखालच्या लांबट खोलीत चालायचं. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर रांगेने जबडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. आत्या स्टुलावर बसून एका जबड्यावरचं मेण सुरीने खरवडत होती. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर.

"बस. त्या कोपऱ्यातल्याला धक्का लावू नकोस, तो परवा जेवणार आहे."

खोडरबर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोटो, फुली, खिळा, रविवार. तिला वाटलं होतं, आत्या सुरी ठेवेल, डोळे पुसेल, मग आपण तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणू, घाबरू नकोस. दोन दिवस तिने ते वाक्य घोटून ठेवलं होतं.

"मग काढ," आत्या म्हणाली.

"काढ म्हणजे?"

"म्हणजे काढ. मी घर सोडलं, आता भिंत कशाला अडवून ठेवू? मी काय घड्याळ आहे टांगून राहायला?"

"तुला काहीच वाटत नाही?"

आत्याने मेणाचा पापुद्रा फुंकरीने उडवला. "वाटतं ना. आठ वाजले की अजून माझी मान वर होते. 'हजर' म्हणायला तोंड उघडतं आणि समोर कोण, तर शेगडी. तेवढ्यात दूध उतू जातं."

"मग ये ना परत."

"नाही."

"पण आत्ताच तर म्हणालीस—"

"दोन्ही खरं आहे, बाळा. आठवणही येते आणि मी परतही येणार नाही. लोकांना दोन्हीतलं एकच हवं असतं. एक तर मी रडत बसायला पाहिजे, नाहीतर मी दगड असायला पाहिजे. मी आपली दूध पुसते आणि पुस्तक वाचत जेवते. पुस्तक ताटाला टेकवून, बरं का. तुझ्या आईने बघितलं तर भोवळ येईल."

खोडरबरला हसू आलं, पण तिने ते गिळलं. ती इथे हसायला आली नव्हती. "त्यांनी तुझी बोटं धरलीत," ती म्हणाली. "फोटोत. मोठा केल्यावर दिसतं."

सुरी थांबली.

"घट्ट धरलीत. नख पांढरं झालंय."

आत्याने आपल्या प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या बोटांकडे बघितलं, जणू ती कुणीतरी दुरुस्तीला पाठवली आहेत. "गार असतात माझी," ती म्हणाली. "ओल्या प्लास्टरमुळे. त्या दिवशी कामावरून तशीच आले होते. म्हणाले, ही बोटं आहेत की बर्फ? मी म्हटलं, गप बसा आणि दात दाखवा, मेहनत आहे माझी त्यात. तेव्हा हसले." तिने परत सुरी उचलली. "हे बघ. माझ्यासाठी भांडू नकोस. माझं मी भांडून घेतलंय, त्यात भर नको. तुला तुझ्यासाठी काही करायचं असेल, तर ते तुझं तू बघ."

घरी येताना खोडरबरला आत्याचा थोडा रागच आला. आपण मदतीला जावं आणि समोरच्याने मदत नको म्हणावं, यासारखा पोपट नाही. पण दुसऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर राग उतरला आणि तिथे एक प्रश्न उभा राहिला. माझ्यासाठी म्हणजे काय?

ती चालता चालता आठवू लागली. भागीदार. दोन जावई. निळ्या साडीतली ती मुलगी, जिचा साखरपुडा मोडला होता आणि जिला काढायला खोडरबरला बावीस मिनिटं लागली होती. तेव्हा तिने घड्याळ लावून बघितलं होतं आणि शाळेत फुशारकी मारली होती. त्या मुलीने काय केलं होतं? विचारायचं नाही. नियम. कदाचित तिनेही नुसतं 'नाही' म्हटलं असेल. आणि उद्या, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, आपल्यालाही कशाला तरी नाही म्हणावंसं वाटलं, तर कुणीतरी एक फोटो घेऊन कुठल्यातरी काउंटरवर जाईल आणि बोट ठेवेल. 'ही.' आणि कुणीतरी हुशार पोरगी आपला कान पुसायला घेईल.

एखादी गोष्ट येत नाही म्हणून न करणं वेगळं. ती येत असताना न करणं वेगळं. पहिल्याला कुणी विचारत नाही, दुसऱ्याला जाब द्यावा लागतो. खोडरबरने दाराशी पोचेपर्यंत ठरवून टाकलं की जाब द्यायचा.

शनिवारी दुपारी तिने काम केलं. सांगितलं होतं ते सगळं केलं: आत्याचं कपाळ काढलं, अंबाडा काढला, चेहरा, मान, कोपर, सगळं भिंत करून टाकलं. फक्त जे आजोबांनी धरून ठेवलं होतं, त्याला तिने हात लावला नाही. शेवटी चित्रात आजोबा तोंडभर हसत होते आणि भिंतीतून निघाल्यासारखा एक हात त्यांच्या खांद्यावर आला होता, मनगटापर्यंत, त्यांच्याच मुठीत.

मोठ्या कागदावर छापून झालं. बाबांनी तो टेबलावर पसरला. चष्मा कपाळावर.

"पाय मोजलेस?"

"हो," ती म्हणाली. मोजले नव्हते. तिचं सगळं लक्ष हातावर होतं. आता बाबा म्हणणार, हे काय केलंस. आता म्हणणार.

बाबांनी फोटोवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, सावकाश. मग चौकट ओढली, फोटो बसवला, मागून खिळे ठोकले, खाकी कागदात गुंडाळला आणि सुतळी बांधली. गाठ मारताना म्हणाले, "हं."

रविवारी पावणेअकराला दिवाणखान्यात आईने कागद सोडला. आजोबा इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसले होते, खिळ्याच्या बरोबर समोर. आईने चौकट उचलली, आपल्याकडे वळवली आणि तशीच धरून राहिली.

"हे काय," ती म्हणाली. मग हळूच, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"बघू," आजोबा म्हणाले. चौकट त्यांच्या मांडीवर आली. त्यांनी आधी स्वतःला बघितलं, जसं सगळेच बघतात. मग खांदा बघितला.

खाली जिन्यावर कुणाच्या तरी काठीचा आवाज सुरू झाला.

"हा काढला नाहीस."

"काढायला गेले होते," खोडरबर म्हणाली. आवाज जरा चिरकला, तो तिने सावरला. "पण तुम्ही धरून ठेवलाय. मी कसा सोडवू?"

"तुला येतं. तुझ्या बापाने सांगितलंय मला, तुला काहीही काढता येतं."

"येतं. दहा मिनिटांचं काम आहे. पण मी करणार नाही."

"का?"

तिला शुक्रवारपासून जमवलेली सगळी वाक्यं आठवली, लांबलचक, शाळेच्या वक्तृत्वात बक्षीस मिळावं अशी. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. "कारण ती गैरहजर नाहीये," ती म्हणाली. "ती दोन रस्ते सोडून आहे. तुम्ही हजेरी फक्त टेबलाची घेता."

आजोबांचा हात वरच्या खिशाकडे गेला. लाल पेन्सिल बाहेर आली. "मी काय सांगितलं होतं, आठवतंय? मग तुझंही नाव काढावं लागेल."

"काढा," खोडरबर म्हणाली. "पण फोटोतून काढायचं असेल तर मलाच सांगावं लागेल. आणि मी ते काम बंद केलंय."

आईने तोंडावर पदर धरला. खोकला होता की हसू, ते कळलं नाही.

आजोबा बाबांकडे वळले. "तू कर. आत्ता घेऊन जा, परत लाव. ते लोक येतील तेव्हा सांगू, चौकट दुरुस्तीला दिलीय."

बाबा इतका वेळ हातोडी घेऊन भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

"माझं काम कच्चं आहे, अप्पा," ते म्हणाले. "माझ्याकडून पाय राहतात. सगळ्या रस्त्याला माहीत आहे."

दारावरची घंटा वाजली. भिंतीवर रिकामा खिळा होता आणि खिळ्याभोवती ताज्या चुन्याचा गोल डाग, चार पावलांवरून दिसेल असा. समोरच्या बाईंनी खिळा मारताना आवाज ऐकला होता. काय लावणार हे आधीच विचारून ठेवलं होतं. आजोबांनी खिळ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. चौतीस वर्षं हजेरी घेणारा माणूस, रिकामी जागा म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? रिकाम्या जागेलाच लोक सगळ्यांत आधी विचारतात.

"लावा," ते म्हणाले.

आणि मग जे झालं ते खोडरबरनेही मनात आणलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण आजोबांना हार्दिक वगैरे म्हणायचा, खुर्चीत बसायचा, चहाचा कप घ्यायचा, वर बघायचा आणि म्हणायचा, "हा हात कुणाचा?" जे नाव वर्षभर या घरात कुणी घेतलं नव्हतं, ते आईला पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा घ्यावं लागलं. समोरच्या बाईंना तर तिने चक्क सांगितलं, "नणंदेचा. नाही हो, डोकं अगदी ठिकाणावर आहे तिचं. आपल्यापेक्षा बरं."

साडेअकराला काठीवाले म्हातारे गृहस्थ आजोबांच्या शेजारी येऊन बसले. कारखान्यात ते फिटर होते, आणि आजोबांनी त्यांच्या नावावर आयुष्यात सगळ्यांत जास्त फुल्या मारल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, डोळे बारीक केले.

"मास्तर, हा हात कुणाचा धरलाय तुम्ही?"

आई स्वयंपाकघरात होती. बाबा दारात. खोडरबर ट्रे घेऊन तिथेच उभी होती आणि तिने ठरवलं होतं की आपण मदत करायची नाही.

आजोबांनी चहाचा घोट घेतला. आत्याने केलेल्या दातांनी बिस्कीट तोडलं. चावलं. बराच वेळ चावलं.

"लेकीचा," ते म्हणाले.

"कुठे असते लेक?"

"तिच्या घरी."

त्यापुढे ते खोडरबरशी दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी आठला टेबलाशी त्यांनी विचारलं, "सगळे आले?" आई म्हणाली, हजर. बाबा म्हणाले, हजर. खोडरबर म्हणाली, "मी आहे." आजोबांनी तिच्याकडे बघितलं. पेन्सिल खिशातच राहिली.

सोमवारी शाळेतून ती थेट जिन्याखालच्या खोलीत गेली. आत्या मेण वितळवत होती. खोडरबरने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, आजोबांचा आवाज काढून, फिटरचा काढून, समोरच्या बाईंचा तर दोनदा काढून. आत्या हसली आणि मेण ढवळत राहिली.

"आणि पाय?" तिने विचारलं. "पाय मोजलेस ना?"

खोडरबरचं तोंड उघडंच राहिलं. तिने दप्तरातून फोन काढला, फोटो उघडला, दोघींनी डोकी जुळवून मोजायला घेतलं. माणसं आठ. पाय सतरा. आजोबांच्या खुर्चीच्या मागच्या पायाजवळ, भिंतीला लागून, एक निळी चप्पल आणि तिच्यात एक टाच, अगदी निवांत उभी.

"हे मी नाही केलं," खोडरबर म्हणाली. तिचे कान लाल झाले. "हात मुद्दाम ठेवला. हा खरंच राहिला. आई गं, आख्ख्या दुनियेने बघितला असेल. बाबांनी पण कसा बघितला नाही? त्यांनी तर छापल्यावर वरपासून खालपर्यंत—"

ती बोलता बोलता थांबली.

"दादा पाय मोजायला विसरत नाही," आत्या म्हणाली. "वीस वर्षं झाली, एकदाही नाही."

भांड्यात मेणाचा बुडबुडा फुटला. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं.

"काढू का आता?" खोडरबरने विचारलं. "चप्पल तेवढी. दोन मिनिटांत होईल."

आत्याने फोन तिच्याकडे परत दिला आणि सुरी उचलली.

"राहू दे," ती म्हणाली. "कधी गेलेच भेटायला, तर निदान एक चप्पल तिथे असलेली बरी."